फुकटचा टाइमआउट

न्यू जर्सीतल्या मेटलाइफ स्टेडियमवर १९ सप्टेंबर २०११च्या रात्री न्यू यॉर्क जायंट्स आणि सेंट लुइस रॅम्स यांचा अमेरिकी फुटबॉलचा सामना चालू होता. रॅम्सच्या आक्रमणाची सूत्रे हलवणारा क्वार्टरबॅक सॅम ब्रॅडफर्ड घाईत होता. एक चाल संपली की साथीदारांना गोळा करून पुढच्या चालीची मसलत करायची, हा रिवाज त्याने गुंडाळून ठेवला होता. धापा टाकणाऱ्या जायंट्सना उसंत न देता तो चालीमागून चाल करत गोलरेषेच्या तोंडाशी येऊन ठेपला होता. पुढची चाल सुरू होणार, एवढ्यात जायंट्सचे दोन खेळाडू, डिऑन ग्रँट आणि जॅक्वियन विल्यम्स, एकदमच कोसळले. त्यांना कुणी धक्का दिलेला नव्हता. चेंडूही जागचा हललेला नव्हता. विल्यम्स लगेच उठला, ग्रँट पडून राहिला. एकाने भागणार होते तिथे दोघे पडले, एवढाच काय तो घोटाळा झाला.

सामन्यानंतर ब्रॅडफर्डने आडपडदा ठेवला नाही. समोरच्या संघाला माणसे बदलायला वेळ मिळत नव्हता, तेव्हा त्यांच्यातला कुणीतरी ‘कुणीतरी पडा’ असे ओरडला आणि एकजण पडला, असे त्याने सांगून टाकले. ग्रँटने अर्थातच आरोप फेटाळला. सामना जायंट्सनी २८-१६ असा जिंकला. त्याच आठवड्यात एनएफएलने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल संघटनेने, आपल्या बत्तीसही संघांना पत्र धाडले: दुखापतीचे सोंग केल्याचे आढळले तर खेळाडू, प्रशिक्षक आणि संघ यांना दंड होईल, निलंबन होईल, नवे खेळाडू निवडण्याचा हक्कही गमवावा लागेल. पत्रातली भाषा कडक होती. जायंट्सना मात्र त्या रात्रीबद्दल काहीही शिक्षा झाली नाही.

अकरा जणांनी पायाने खेळायच्या फुटबॉलमधले लोळण घेणे आपल्याला ओळखीचे आहे. तिथे पडणाऱ्याचा एक डोळा पंचाकडे असतो, त्याला पेनल्टी हवी असते किंवा प्रतिस्पर्ध्याला कार्ड मिळायला हवे असते. अमेरिकी फुटबॉलमधला सोंगाड्या कुणावर आळ घेत नाही. त्याला फक्त वेळ हवा असतो, तोही अर्धा-एक मिनिट. एवढ्याशा वेळासाठी धडधाकट माणसे लाखो लोकांच्या देखत पोटरी धरून का कण्हतात, हे समजायचे तर त्या खेळातल्या घड्याळाकडे आधी बघायला हवे.

कागदोपत्री हा सामना साठ मिनिटांचा, पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांचा. घरी बसून पाहणाऱ्याचे तीन तास सहज जातात. २०१० साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने काही सामन्यांच्या चित्रफिती तपासून चेंडू खरोखर खेळात किती वेळ असतो ते मोजले, तर तो वेळ अकरा मिनिटांच्या आसपास निघाला. बाकीचा वेळ उभे राहण्यात, ठरवण्यात, जागा घेण्यात आणि जाहिरातींत जातो. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. जमले तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याकडे. असा एकेक प्रयत्न म्हणजे डाउन. तो पाच-सहा सेकंदांत संपतो. चेंडू घेऊन पळणाऱ्याला मैदानाच्या आत पाडले की चाल संपते, पण घड्याळ थांबत नाही. सिग्नलला उभ्या असलेल्या रिक्षाच्या मीटरसारखे ते पुढे पळतच राहते. चेंडू सीमारेषेबाहेर गेला किंवा फेकलेला चेंडू कुणाला झेलता आला नाही, तर मात्र ते थांबते. याखेरीज चाळीस सेकंदांचे एक वेगळे घड्याळ असते. तेवढ्या वेळात पुढची चाल सुरू करावीच लागते. कधी सुरू करायची, हे चाळीस सेकंदांच्या आत आक्रमकांच्या मर्जीवर असते.

म्हणजे इथे वेळ हे दोन्ही संघांना हवे असलेले भांडवल आहे. आघाडीवरच्याला तो संपवायचा असतो, पिछाडीवरच्याला वाचवायचा असतो. तो अधिकृतपणे विकत घ्यायची सोयही आहे. प्रत्येक संघाला प्रत्येक अर्धात तीन टाइमआउट मिळतात. ते जपून वापरायचे असतात, कारण अखेरच्या मिनिटात हातातला एक टाइमआउट कधी कधी संपूर्ण सामन्याच्या तोलाचा ठरतो. दुखापत झाली तर खेळ थांबतो, तो मात्र टाइमआउट न खर्चता. जखमी खेळाडूने किमान एका चालीपुरते बाहेर बसायचे, बस्स. नियम माणुसकीचा आहे, पण चतुर प्रशिक्षकाला त्यात फुकटचा टाइमआउट दिसतो.

बचाव करणाऱ्याला या फुकट वेळाची गरज अधिक असते. एनएफएलमधला संघ म्हणजे एक अकराजणांचा चमू नव्हे. आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे वेगळे, आणि त्यातही प्रसंगानुसार माणसे बदलत राहतात. समोरचा चेंडू घेऊन पळणार असे वाटले तर मधली फळी सव्वाशे-दीडशे किलोच्या माणसांनी भरायची. चेंडू लांब फेकणार असे वाटले तर त्यातल्या एक-दोघांना बसवून चपळ, हलके खेळाडू आणायचे. आक्रमकांनी माणूस बदलला तर बचाव करणाऱ्यांनाही बदलायची संधी द्यावीच लागते. पण आक्रमकांनी कुणालाच बदलले नाही, मसलतीचे रिंगण केलेच नाही आणि सरळ रेषेवर येऊन चेंडू उचलला, तर मैदानावर आहेत तेच बचाव करणारे तिथे अडकून पडतात. बदली खेळाडू धावत येईपर्यंत चाल सुरू झाली आणि मैदानावर बारा माणसे सापडली, तर पाच यार्डांचा दंड बसतो. दीडशे किलोचा माणूस सलग सात-आठ वेळा तेवढ्याच वजनाच्या माणसाशी भिडला, मध्ये दहा-पंधरा सेकंदच मिळाले, की त्याचे पाय जड होतात. असा माणूस बदलायचा तर घड्याळ थांबायला हवे, आणि त्यासाठी कुणीतरी पडायला हवे.

ही क्लृप्ती मुळात थकलेल्या बचावपटूंची नव्हती. तिचा सर्वांत गाजलेला जुना प्रयोग आक्रमकांनी केला, आणि तोही महाविद्यालयीन मैदानावर. २१ नोव्हेंबर १९५३ला नोत्र दाम विद्यापीठाचा संघ आयोवाशी खेळत होता. नोत्र दाम तोवर अपराजित होता, देशात पहिल्या क्रमांकावर होता. पहिला अर्ध संपायला दोन सेकंद उरली होती, संघ ०-७ असा मागे होता, गोलरेषा जवळ होती आणि टाइमआउट संपले होते. तेव्हा फ्रँक व्हॅरिकिओनी या धिप्पाड खेळाडूने पाठ धरली आणि तो कोसळला. घड्याळ थांबले. उरलेल्या दोन सेकंदांत राल्फ गुल्येल्मीने डॅन शॅननकडे चेंडू फेकला आणि बरोबरी झाली. सामन्याच्या शेवटी पुन्हा तोच प्रकार घडला. सहा सेकंद उरली असताना दुखापतीसाठी घड्याळ थांबले, पुन्हा गुल्येल्मीचा चेंडू शॅननकडे गेला आणि सामना १४-१४ असा सुटला. ‘फायटिंग आयरिश’ हे बिरुद मिरवणाऱ्या या संघाला वर्तमानपत्रांनी ‘फेंटिंग आयरिश’, म्हणजे भोवळ येणारे आयरिश, करून टाकले. एका कॅथलिक विद्यापीठाला हे शोभते का, यावर बराच खल झाला. असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत त्या वर्षी अव्वल ठरला तो मेरीलँडचा संघ.

नोत्र दामचे प्रशिक्षक फ्रँक लेही त्याआधी महिनाभर, जॉर्जिया टेकविरुद्धच्या सामन्याच्या मध्यंतरात, स्वतःच खेळाडूंच्या खोलीत कोसळले होते. स्वादुपिंडाचा तीव्र आजार होता. प्रकृती इतकी बिघडली की पाद्र्याला बोलावून मरणासन्नासाठीच्या प्रार्थनाही म्हणून झाल्या. ते वाचले, आणि चार आठवड्यांनी त्यांच्या संघाने पडण्याचे नाटक करून सामना वाचवला. या माणसाला खरे कोसळणे ठाऊक नव्हते असे कुणी म्हणू शकणार नाही.

व्यावसायिक खेळात हा प्रश्न खऱ्या अर्थाने पेटला तो १९८८च्या हंगामात, सिनसिनाटी बेंगल्समुळे. आदल्या वर्षी हा संघ चार सामने जिंकून अकरा हरला होता. १९८८मध्ये त्याने बारा जिंकले आणि चारच गमावले. क्वार्टरबॅक बूमर इसायसन त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण खरी करामत प्रशिक्षक सॅम वाइश यांची होती. मसलतीविना धडाधड चाली करण्याची पद्धत तोवर सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांपुरती, अडचणीतल्या संघांसाठी राखून ठेवलेली असे. वाइश ती मनाला येईल तेव्हा, पहिल्या मिनिटापासून वापरू लागले. कधी त्यांचे खेळाडू चेंडूच्या अगदी जवळ क्षणभर घोळका करत आणि समोरच्याने माणसे बदलायला घेतली की झटकन रेषेवर येत. बदली माणूस अर्ध्या वाटेत, जुना माणूस अर्धा बाहेर, आणि चेंडू हलला की पाच यार्ड बेंगल्सच्या खात्यात.

प्रतिस्पर्ध्यांकडे यावर सरळ उत्तर नव्हते. हंगामाच्या अखेरीच्या बाद फेरीत सिअॅटल सीहॉक्सशी गाठ पडली तेव्हा त्यांच्या बचावफळीच्या मध्यावर उभा राहणारा जो नॅश पुनःपुन्हा मैदानावर पडू लागला. हे सोंग आहे अशी ओरड झाली. बेंगल्स तरीही २१-१३ असे जिंकले. पुढच्या आठवड्यात, ८ जानेवारी १९८९ला, त्यांच्याच मैदानावर बफेलो बिल्सशी सामना होता. बिल्सचे प्रशिक्षक मार्व लेव्ही यांनी आधीच सूचित केले होते की सिनसिनाटी असेच खेळणार असेल तर आमचेही खेळाडू पडतील. एनएफएलच्या मुख्यालयात धाबे दणाणले. अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर सगळा देश टीव्हीसमोर बसणार आणि दर दोन चालींनंतर कुणीतरी पाय धरून लोळणार, हे चित्र कुणालाच नको होते. मग सामना सुरू व्हायला जेमतेम दोन तास असताना वाइश यांना निरोप आला: ही पद्धत आज वापरलीत तर दंड होईल.

या निर्णयाचा उलटेपणा पाहण्यासारखा आहे. सोंग करणार असे सुचवणाऱ्याला समज देण्याऐवजी, ज्याच्या वेगामुळे सोंग करावेसे वाटते त्याचाच वेग बंद केला गेला. वाइश संतापले, आणि माझ्या मते त्यांचे चुकले नाही. बेंगल्स तो सामना २१-१० असा जिंकले आणि दोन आठवड्यांनी मायामीत झालेल्या अंतिम सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोकडून १६-२० असे हरले.

पुढचा भाग एखाद्या कादंबरीकाराने लिहिला असता तर अतिशयोक्ती वाटली असती. ज्या लेव्हींना हा वेग अन्याय्य वाटत होता, त्यांच्याच बफेलोने तो उचलला. १९९०पासून क्वार्टरबॅक जिम केली आणि आक्रमणाचे प्रशिक्षक टेड मार्चिब्रोडा यांनी मसलतीविना खेळणे ही संघाची कायमची पद्धत करून टाकली. ‘के-गन’ या नावाने ती गाजली, आणि तिच्या जोरावर बिल्स लागोपाठ चार वर्षे सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, पोहोचले. चारही वेळा ते हरले ही गोष्ट वेगळी. त्यातला पहिला पराभव आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जानेवारी १९९१मध्ये न्यू यॉर्क जायंट्सनी त्यांना २०-१९ असे एका गुणाने हरवले. जायंट्सच्या बचावाची आखणी बिल बेलिचिक या तेव्हाच्या तरुण प्रशिक्षकाची होती. त्या दिवशी साठपैकी ४० मिनिटे ३३ सेकंद चेंडू जायंट्सकडे राहिला. जिम केलीच्या हातात चेंडूच पडला नाही तर त्याचा वेग काय कामाचा, असा साधा विचार त्यामागे होता. वेगाला रोखायचा सरळ मार्ग हा असतो. पण त्यासाठी स्वतःचे आक्रमण चांगले लागते, संयम लागतो, तयारी लागते. पडायला यातले काहीच लागत नाही.

वीस वर्षांनी वेगाची नवी लाट आली ती पश्चिम किनाऱ्यावरून. ओरेगन विद्यापीठाचा संघ चिप केली यांच्या हाताखाली २०१०मध्ये नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सामन्यामागे पन्नासहून अधिक गुण करत होता. दोन चालींमधला त्यांचा वेळ इतका कमी असे की टीव्हीवर आधीच्या चालीचे पुनर्दर्शन संपायच्या आत पुढची सुरू झालेली असे. १३ नोव्हेंबरला बर्कलीत कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यांना पंधरा गुणांवर रोखले. ओरेगनने सामना १५-१३ असा जेमतेम जिंकला. बचाव उत्तम झाला होता, यात शंका नाही. पण त्या सामन्यातले एक दृश्य लोकांच्या लक्षात राहिले: कॅलिफोर्नियाचा एक खेळाडू धडधाकट उभा होता, त्याने बाजूला नजर टाकली आणि तो खाली पडला. बचावफळीचे प्रशिक्षक तोश लुपॉई यांनीच त्याला तसे सांगितल्याचे उघड झाले आणि विद्यापीठाने त्यांना एका सामन्यासाठी निलंबित केले. मुलाचे नाव इथे द्यायचे कारण नाही. तो सांगितले ते करत होता.

चिप केली २०१३मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचे प्रशिक्षक होऊन एनएफएलमध्ये आले आणि त्यांच्याबरोबर तो वेगही आला. त्याच सप्टेंबरमध्ये, नुकताच निवृत्त झालेला शिकागो बेअर्सचा ब्रायन अर्लॅकर टीव्हीवरच्या गप्पांत जे बोलला, ते तोवर असंख्यांना ठाऊक होते पण कुणी बोलत नव्हते. पडणे हा आमच्या योजनेचा भाग होता, असे तो म्हणाला. पडायचा कुणी, हे ठरलेले असे. कडेवरून कुणीतरी पाण्यात सूर मारल्यासारखी हाताची खूण करी आणि नेमलेला गडी आडवा होई. अर्लॅकर काही किरकोळ खेळाडू नव्हता. पाच वर्षांनी त्याची हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. एवढ्या मोठ्या खेळाडूने हे हसत हसत सांगावे, यातच त्या क्लृप्तीची मैदानावरची प्रतिष्ठा कळते. तिथे ती कुणाला पाप वाटत नाही. मुद्दाम चेंडू बाहेर फेकून घड्याळ थांबवतात, तसाच हाही एक डाव.

तरी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रत्येक अर्धातल्या शेवटच्या दोन मिनिटांत, म्हणजे सेकंद सर्वांत मोलाचे असतात तेव्हा, एनएफएलमध्ये ही नाटके सर्रास होत नाहीत. याचे कारण खेळाडूंची सदसद्विवेकबुद्धी नव्हे. त्या दोन मिनिटांत दुखापतीसाठी खेळ थांबला तर संघाचा एक टाइमआउट कापला जातो. टाइमआउट उरलेच नसतील आणि घड्याळ चालू असताना आक्रमकांपैकी कुणी पडला, तर समोरचा संघ घड्याळातून दहा सेकंद वजा करून घेऊ शकतो. सामना संपायला नऊ सेकंद उरली असतील, तर सामनाच संपला. १९५३मधली व्हॅरिकिओनीची युक्ती आज एनएफएलमध्ये केली तर ती अशी अंगाशी येईल. प्रतिस्पर्ध्याच्या आगळिकीमुळे जखम झाली असेल तर ही कापणी होत नाही, एवढी सवलत नियमात आहे. पण उरलेल्या छप्पन्न मिनिटांत दुखापत फुकट आहे, आणि सगळी नाटके त्या छप्पन्न मिनिटांतच होतात. नियमपुस्तकात तिथे काय आहे? सोंग करून वेळ मिळवणे नियम ठरवणाऱ्या समितीला मान्य नाही आणि प्रशिक्षकांनी या प्रथेला आळा घालायला सहकार्य करावे, अशा अर्थाची एक टीप. लक्षावधी डॉलर पगार घेऊन जिंकण्यासाठीच नेमलेल्या माणसांना केलेली ही विनंती आहे. जिथे किंमत लावली तिथे नाटक थांबले आणि जिथे विनंती केली तिथे चालू राहिले, हे इतके स्पष्ट असताना छप्पन्न मिनिटांनाही किंमत का लावली नाही, असा प्रश्न कुणालाही पडेल.

उत्तर खेळाडूंच्या कवटीच्या आत आहे. रेफरी काही डॉक्टर नव्हे. पडलेला माणूस खरा की खोटा हे त्याने ठरवायचे नाही, अशीच भूमिका या खेळाने घेतली आहे, आणि ती घेण्याला कारण आहे. २००२ साली पिट्सबर्गमध्ये डॉ. बेनेट ओमालू यांनी माइक वेबस्टर या दिवंगत खेळाडूच्या मेंदूची तपासणी केली. वर्षानुवर्षे डोक्याला बसलेल्या हादऱ्यांनी मेंदू झिजतो, त्या सीटीई या विकाराच्या खुणा त्यांना तिथे दिसल्या. २००५मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे हजारो माजी खेळाडूंनी एनएफएलवर दावे लावले आणि संघटनेला मोठी भरपाई कबूल करावी लागली. त्यानंतर कुठल्याही शहाण्या संघटनेला ‘पडलास तर किंमत मोज’ असे म्हणणे अवघड झाले. कारण मग भोवळ आलेला खेळाडू संघाचा टाइमआउट वाचावा म्हणून उभाच राहील.

तो उभा राहील ही शंका नव्हे, खात्री आहे. या खेळाची सारी संस्कृती खरी दुखापत लपवण्यावर उभी आहे. लॉस एंजेलिस रॅम्सचा जॅक यंगब्लड १९७९च्या हंगामात पायाचे हाड मोडलेले असताना बाद फेरीचे सामने खेळला आणि सुपर बोलही खेळला. त्याचे आजही गोडवे गायले जातात. हंगामापूर्वी प्रत्येक खेळाडूची बुद्धीची चाचणी घेतात, म्हणजे पुढे डोक्याला मार बसल्यावर निकाल ताडून पाहता यावा. ती पहिली चाचणी मुद्दामच वाईट द्यायची, म्हणजे नंतरची घसरण दिसत नाही, असे ख्यातनाम क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग २०११मध्ये बोलून गेला. नंतर, आपण थट्टा केली होती, असे त्याने सांगितले. थट्टा असेलही. पण असे करता येते हे त्याला सुचले, आणि ऐकणाऱ्या कुणालाही ते अशक्य वाटले नाही. म्हणजे एकाच मैदानावर धट्टाकट्टा माणूस जखमी असल्याचे दाखवतो आणि जखमी माणूस धट्टाकट्टा असल्याचे. पहिल्याचे पैसे जात नाहीत. दुसऱ्याची जागा जाऊ शकते.

२५ सप्टेंबर २०२२ला मायामी डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक तुआ टागोवाइलोआ डोके आपटून पडला, उठला आणि लडखडला. पाठीचे दुखणे म्हणून त्याला पुन्हा खेळू दिले गेले. चारच दिवसांनी सिनसिनाटीत तो पुन्हा आदळला. या वेळी त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. देशभर गहजब झाला. ऑक्टोबरमध्ये नियम बदलले: तोल गेल्यासारखा चालणारा खेळाडू त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही. आणि डिसेंबरच्या आरंभी त्याच एनएफएलने संघांना पत्र पाठवले की दुखापतीची सोंगे वाढली आहेत, ती खपवून घेतली जाणार नाहीत. दोन महिन्यांच्या अंतराने खेळाडूंना दोन गोष्टी सांगितल्या गेल्या. शंका आली तरी थांबा, आणि थांबाल तर आम्हाला शंका येईल.

पत्रापाठोपाठ पहिला मोठा बडगा न्यू ऑर्लिन्स सेंट्सवर उगारला गेला. ५ डिसेंबरला टँपा बेविरुद्ध ते आघाडीवर असताना, चौथ्या भागात, टँपा बेचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी घाईघाईने चौथ्या डाउनची चाल रचत होता. तेवढ्यात सेंट्सचा अनुभवी बचावपटू कॅमेरॉन जॉर्डन मैदानावर बसला. (वेळ मिळूनही उपयोग झाला नाही, ब्रेडीने सामना १७-१६ असा खेचून नेला.) एनएफएलने संघाला साडेतीन लाख डॉलर, मुख्य प्रशिक्षक डेनिस अॅलन यांना एक लाख, आणि बचावाचे सहप्रशिक्षक रायन नील्सन व खुद्द जॉर्डन यांना प्रत्येकी पन्नास हजार असा एकूण साडेपाच लाखांचा दंड ठोठावला. संघाने एमआरआयचा अहवाल पुढे केला. डाव्या पायाचा मधला भाग मुरगळला होता, असे त्यात होते. अपिलानंतर जॉर्डनचा दंड मागे घेण्यात आला. चित्रफितीत संशयास्पद दिसलेली गोष्ट एमआरआयमध्ये खरी निघू शकते, आणि ज्याला दंड करायचा त्याच्या पायात खरेच काही नाही हे कोण शपथेवर सांगणार, हा पेच या एका प्रकरणाने उघडा पाडला.

यानंतर महिनाही झाला नव्हता. २ जानेवारी २०२३ला सिनसिनाटीत बेंगल्स आणि बिल्स समोरासमोर होते, १९८९मधलीच जोडी, तेच शहर. पहिल्या भागात बिल्सच्या डमार हॅम्लिनने समोरच्याला अडवले, तो उठून उभा राहिला आणि मागच्या मागे पडला. त्याचे हृदय थांबले होते. मैदानावरच छाती दाबून आणि विजेचा धक्का देऊन त्याला परत आणले. सामना तिथेच थांबला, पुन्हा कधी झाला नाही. हॅम्लिन बरा झाला आणि पुढच्या हंगामात खेळलाही. उभा असलेला माणूस धक्का नसताना पडतो, या दृश्याला त्या काळात प्रेक्षक हुर्यो करायला सरावले होते. त्या रात्री पडलेल्याकडे पाहून डॉक्टर पळत सुटले, कारण त्यांना संशय घ्यायची मुभाच नसते. नियमाने पडणाऱ्यावर विश्वास टाकण्याची किंमत अधूनमधून फसवले जाणे ही असेल, तर ती मोजायला हवी असे मला वाटते.

हे सारे परक्या देशातल्या लबाडीचे किस्से म्हणून वाचण्याआधी २९ जून २०२४ची बार्बाडोसमधली रात्र आठवून पाहावी. ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला २४ चेंडूंत २६ धावा हव्या होत्या आणि हाइनरिक क्लासेन तुफान सुटला होता. तेव्हा ऋषभ पंतच्या गुडघ्याला पट्टी बांधण्यासाठी खेळ थांबला. पुन्हा सुरू झाल्यावर हार्दिक पंड्याच्या पहिल्याच चेंडूवर क्लासेन बाद झाला आणि भारताने सात धावांनी विश्वचषक जिंकला. पुढे कर्णधार रोहित शर्माने कपिल शर्माच्या कार्यक्रमात सांगितले की पंतने तिथे डोके लढवले होते, फलंदाजांची लय तोडायची होती. प्रेक्षक खळखळून हसले, आपणही हसलो. त्याच स्पर्धेत चार-पाच दिवस आधी, पाऊस तोंडावर असताना, अफगाणिस्तानच्या गुलबदिन नैबने प्रशिक्षकाची ‘सावकाश घ्या’ ही खूण होताच मांडी धरून लोळण घेतली. तेव्हा मात्र जगभर खिल्ली उडाली.

महाविद्यालयीन फुटबॉलने आता वेगळी वाट धरली आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये दक्षिणेकडच्या बलाढ्य विद्यापीठांच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे आयुक्त ग्रेग सँकी यांनी प्रशिक्षकांना ठणकावले. सोंग सिद्ध झाले तर मुख्य प्रशिक्षकाला पहिल्यांदा पन्नास हजार डॉलर, दुसऱ्यांदा एक लाख, तिसऱ्यांदा एका सामन्याची बंदी. दंड खेळाडूऐवजी मुख्य प्रशिक्षकाच्या खिशातून जाणार, हे त्यातले शहाणपण. पण सिद्ध कसे करायचे, हा जुना प्रश्न तिथेही होताच. २०२५च्या हंगामापासून राष्ट्रीय पातळीवर लागू झालेल्या नियमाने तो प्रश्नच बाजूला सारला. पुढच्या चालीसाठी पंचांनी चेंडू जागेवर ठेवल्यानंतर एखाद्या खेळाडूला तपासायला वैद्यकीय पथक मैदानात आले, तर त्याच्या संघाचा एक टाइमआउट जाईल. टाइमआउट नसेल तर पाच यार्डांचा दंड. खरे-खोटे कुणी विचारणार नाही. फक्त घड्याळाकडे आणि चेंडूकडे बघायचे. आदल्या चालीतच जखमी झालेला माणूस बहुधा त्या चालीच्या शेवटीच जमिनीवर असतो, चेंडू ठेवेपर्यंत उभा राहून मग पडत नाही, असा या नियमामागचा तर्क आहे.

तर्क चांगला आहे. मात्र पंचांना चेंडू उचलून जागेवर ठेवायला काही सेकंद लागतात, आणि त्या सेकंदांत पडणे अजूनही फुकट आहे. कडेला उभा असलेला प्रशिक्षक सूर मारण्याची खूण आता थोडी लवकर करील, एवढेच.